सुट्टीने न जाणारा थकवा

गेल्या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच वाक्य होतं, 'काही करावंसंच वाटत नाही.' त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तर देते आहे. नावं काढली आहेत, मजकूर थोडा आटोपता घेतला आहे.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत टीम लीड आहे, वय ३४. दहा दिवस कोकणात राहून आलो. कामावर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच. भूमकर चौकात गाडी अडकली की छातीत धडधडायला लागतं. सुट्टी कमी पडली का?

सुट्टी पुरेशी होती. फक्त तुम्ही कोकणात असताना इकडे ऑफिसात काहीच बदललं नाही. साधा थकवा झोपेने, सुट्टीने उतरतो. तुमचा उतरला नाही, म्हणजे तो बर्नआउट असू शकतो. बर्नआउट कामाच्या ताणातून येतो, महिनोन्महिने न आवरलेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : अंगातली शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणते. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे माणसाआधी कामाकडे बघावं लागतं.

या विषयाच्या अभ्यासक ख्रिस्तिना मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बघायच्या सहा जागा दाखवल्या : कामाचा भार, कामावरचा आपला ताबा, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि आपली मूल्यं. पुण्यात सगळे पहिल्याच जागेवर बोट ठेवतात. माझ्याकडे येणाऱ्या एकांनाही कामच जास्त आहे असं वाटत होतं. दोन आठवडे रोज झोपण्यापूर्वी, 'आज कशाने जीव नकोसा झाला' एवढंच एका ओळीत लिहायला सांगितलं. चौदापैकी नऊ ओळींत एकच गोष्ट होती : रात्री साडेनऊचा कॉल, तोही आयत्या वेळी ठरणारा. म्हणजे दुखणं भाराचं नव्हतं, ताब्याचं होतं. तुम्हीही अशा ओळी लिहा. मग मॅनेजरकडे 'मला ताण येतो' म्हणून जाऊ नका, 'मंगळवार-गुरुवारचा कॉल आलटून पालटून घेऊ या' असं नेमकं मागणं घेऊन जा.

धडधड मात्र ताणावर ढकलू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायचं का, ते ठरवतील.

प्रश्न : कोथरूडच्या शाळेत २२ वर्षं शिकवते. हल्ली मुलं जवळ आली तरी नकोशी वाटतात. मी इतकी कोरडी कशी झाले?

बाई, तुम्ही कोरड्या झालेल्या नाही. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेबद्दल लिहिलं, ते न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणाऱ्यांना आणि स्वतःलाही बघून. ज्यांनी भरभरून दिलं, तेच आधी रिते होतात. मन तेव्हा स्वतःला वाचवायला अंतर राखतं, आणि आपण त्यालाच आपला स्वभाव समजतो.

तुम्ही लिहिलंय, साठ वह्यांवर 'अक्षर सुधार' हाच शेरा मारला आणि नंतर रडू आलं. ते रडू मी चांगली खूण मानते. दगड झालेल्याला रडू येत नाही.

माहिती भरणं, सर्वेक्षण, निवडणुकीचं काम, यांत आठवड्याचे किती तास जातात ते मांडा आणि एकटीने न जाता तिघी-चौघी मिळून मुख्याध्यापकांशी बोला. शिवाय पाचवीला गोष्ट वाचून दाखवायचा तुमचा तास कुणालाही देऊ नका, अगदी अभ्यासक्रम मागे पडला तरी.

प्रश्न : नवरा ऑफिसातून येतो आणि पार्किंगमध्ये गाडीतच अर्धा अर्धा तास बसून राहतो. दिवे बंद, मोबाइलही हातात नसतो. रविवारी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायचा, तेही सोडलं. काय करू?

गाडीतल्या अर्ध्या तासापेक्षा मला तळजाईची काळजी वाटते. बर्नआउटमध्ये कामाचा वीट येतो, पण आवडीच्या गोष्टीत जीव थोडाफार रमतो. आवडीचंही सुटलं, झोप-भूक बिघडली, 'माझा काही उपयोग नाही' असं बोलणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यांच्यासोबत तुम्हीही जा.

आज खाली उतरा आणि शेजारच्या सीटवर बसा. 'काय झालंय?' असं लगेच विचारू नका, पाच मिनिटं नुसत्या बसा. मग सरळ विचारा, 'जगणं नकोसं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्यांना एकटं सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : मी नोकरी करत नाही. सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, चार वर्षं मीच बघते. मला बर्नआउट होऊ शकतो का?

शास्त्रीय व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती आहे. तुमचा थकवा तितकाच खरा आहे, आणि तुमच्या कामाला तर सुट्टीच नाही. 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्या नणंदेला ठरावीक वार आणि वेळ सांगा : दर बुधवारी दुपारी दोन ते पाच. औषधांच्या वेळा फ्रिजवर चिकटवून ठेवा. त्या तीन तासांत पर्वतीवर जा, नाहीतर मैत्रिणीकडे जाऊन झोपा. फक्त मंडईत भाजी आणायला जाऊ नका.