बेनझीर भुट्टो यांच्या नावाआधीचं ‘मोहतरमा’: पदवी की संबोधन?

प्रश्न असा आहे: पाकिस्तानातल्या उर्दू बातम्यांत तिथल्या माजी पंतप्रधान बेनझीर भुट्टो यांच्या नावाआधी हमखास ‘मोहतरमा’ येतं. ही पदवी आहे का, ‘बेगम’पेक्षा ती वेगळी कशी, आणि मराठीत लिहिताना ती ठेवावी का?

पदवी नाही, आदराचं संबोधन आहे. पुरुषाला ‘मोहतरम’, स्त्रीला ‘मोहतरमा’, अर्थ ‘आदरणीय’. बोलताना ‘मोह्-तर्-मा’ असं तोडतात, लिहिताना ‘मोहतरमा’. आपल्या ‘मोहा’शी काही नातं नाही. अरबी मूळ ‘ह-र-म’. ज्याला सहज हात लावता येत नाही ते, मग ते पवित्र म्हणून असो की निषिद्ध म्हणून. त्यामुळेच ‘हराम’ आणि ‘मोहरम’ हे मराठीत रुळलेले शब्द ‘एहतराम’ (आदर) आणि ‘मोहतरमा’ यांचे सख्खे नातलग ठरतात.

गल्लत होते ती ‘मरहूमा’शी. त्याचं मूळ ‘र-ह-म’, म्हणजे ‘रहम’ आणि ‘रहीम’मधलं. ‘मरहूम’ म्हणजे दिवंगत, ‘मरहूमा’ त्याचं स्त्रीलिंग. भाषांतराच्या घाईत एकाच्या जागी दुसरा शब्द पडला की हयात बाई दिवंगत ठरते.

आता ‘बेगम’. मुघलांच्या घराण्यात अविवाहित शहजादीही बेगम असे, जहाँआरा बेगम हे ठळक उदाहरण. पण पाकिस्तानी राजकारणातली रीत वेगळी आहे. तिथे ‘बेगम’ शक्यतो विवाहितेला लागतं आणि पुढे बहुधा पतीचं नाव येतं: बेगम राणा लियाकत अली खान, बेगम नुसरत भुट्टो, बेगम कुलसूम नवाज. मोहम्मद अली जीनांच्या बहीण फातिमा जीनांना हे लावणं शक्यच नव्हतं. त्या अविवाहित होत्या, दंतवैद्य होत्या, १९२३ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा दवाखाना काढला होता. जानेवारी १९६५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अयुब खान यांच्याविरुद्ध त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. मत जनतेचं नव्हतं, सुमारे ८०,००० निवडून आलेल्या प्रतिनिधींचं होतं, आणि त्या हरल्या. त्यांच्या नावामागे ‘मादर-ए-मिल्लत’, म्हणजे राष्ट्रमाता, हा किताब होता आणि रोजच्या बोलण्यालिहिण्यात ‘मोहतरमा फातिमा जीना’.

बेनझीर यांच्या बाबतीतही हाच शब्द बसला, आणि माझ्या मते तो अगदी नेमका बसला. त्यांचा जन्म २१ जून १९५३ चा, कराचीतला. शिक्षण हार्वर्ड आणि ऑक्सफर्डला. वडील झुल्फिकार अली भुट्टो यांना ४ एप्रिल १९७९ रोजी फाशी दिल्यावर नजरकैद, तुरुंग आणि परदेशवास भोगून त्या १० एप्रिल १९८६ ला लाहोरात परतल्या, तेव्हा स्वागताला प्रचंड जनसमुदाय लोटला होता. आसिफ अली झरदारी यांच्याशी लग्न झालं डिसेंबर १९८७ मध्ये. म्हणजे नेतृत्व आधी, लग्न नंतर. आडनाव भुट्टोच राहिलं. २ डिसेंबर १९८८ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. ‘बेगम’ म्हटलं असतं तर पुढे कोणाचं नाव लावायचं? ‘मोहतरमा’ला ना नवऱ्याचं नाव लागतं ना बापाचं. आपल्याकडे एखाद्या पक्षात नुसतं ‘साहेब म्हणाले’ म्हटलं की कोण ते सांगावं लागत नाही, तसं त्यांच्या पाकिस्तान पीपल्स पार्टीत नुसतं ‘मोहतरमा’ म्हटलं की त्याच.

कार्यकर्त्यांच्या तोंडी दुसरा शब्द आहे ‘बीबी’. हिंदीतल्या ‘बीवी’मुळे याचा अर्थ बायको असा लावू नका. ही अहमदनगरच्या चांदबिबीतली आणि औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यातली बीबी: घरंदाज, मानाची स्त्री. ‘मोहतरमा’ व्यासपीठावरचं, ‘बीबी’ जिव्हाळ्याचं.

नावाच्या लेखनाबद्दल. ‘बे’ म्हणजे विना, ‘नझीर’ म्हणजे तोड, उदाहरण. बेनझीर म्हणजे अतुलनीय. नजर, नाजर, मंजूर हे आपले शब्द त्याच ‘न-ज़-र’ मुळाचे. ‘नजराणा’ मात्र नाही, तो अरबीत वेगळ्या अक्षराने लिहिल्या जाणाऱ्या ‘नज्र’ म्हणजे भेट या शब्दावरून आला. ‘झी’ दीर्घच हवी, याला त्यांच्या सभांतली घोषणाच पुरावा आहे: ‘चारों सूबों की जंजीर, बेनझीर बेनझीर’. चारही प्रांतांना जोडणारी साखळी, असा अर्थ. ‘वकील’चं ‘वकिलाने’ होतं म्हणून ‘बेनझिरने’ करू नये. अशा स्त्रीच्या विशेषनामाचं रूप सहसा बदलत नाही. ‘बेनझीर यांनी’ सर्वांत सुटसुटीत.

मराठीत ‘मोहतरमा’ ठेवायचं का? कोणाचं बोलणं जसंच्या तसं देताना ठेवा. स्वतःच्या निवेदनात ‘बेनझीर भुट्टो म्हणाल्या’ पुरे, आदर क्रियापदाच्या अनेकवचनात आलाच. ‘श्रीमती’ने काही साधत नाही, आणि ‘श्रीमती झरदारी’ तर साफ चूक. संबोधन म्हणून आलं असेल तर ‘बाईसाहेब’ हा चांगला पर्याय आहे.

नुसतं ‘भुट्टो’ लिहिताना मात्र जपा. ५ जुलै १९७७ ला लष्करप्रमुख झिया-उल-हक यांनी सत्तेवरून हटवलेले भुट्टो हे वडील, झुल्फिकार अली. ६ ऑगस्ट १९९० ला राष्ट्राध्यक्ष गुलाम इशाक खान यांनी आणि ५ नोव्हेंबर १९९६ ला राष्ट्राध्यक्ष फारूक लेघारी यांनी बरखास्त केलेली सरकारं मुलीची. दोन्ही वेळा हत्यार एकच, राष्ट्राध्यक्षाला संसद विसर्जित करू देणारं राज्यघटनेचं कलम ५८(२)(ब). आणि लेघारी तर बेनझीर यांच्याच पक्षातून राष्ट्राध्यक्ष झालेले. अशा मजकुरात पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव आणि पुढे ‘बेनझीर’ लिहावं. पुरुष नेत्याला आडनावाने आणि बाईला पहिल्या नावाने ओळखणं एरवी खटकतं आणि खटकायलाच हवं, पण इथे वाचकाचा गोंधळ टाळणं जास्त महत्त्वाचं.

२७ डिसेंबर २००७ ला रावळपिंडीच्या लियाकत बागेतली सभा आटोपून निघताना त्यांची हत्या झाली. तेव्हापासून पक्षाच्या लेखनात ‘शहीद मोहतरमा बेनझीर भुट्टो’ असा पूर्ण प्रयोग दिसतो. तो पक्षाचा म्हणून अवतरणात द्यावा. सिंधमधल्या नवाबशाह जिल्ह्याला २००८ साली ‘शहीद बेनझीराबाद’ नाव मिळालं. तिथे ‘शहीद’ हा नावाचाच भाग आहे, म्हणून त्याचं ‘हुतात्मा’ करू नये; आणि २००८ पूर्वीच्या घटना सांगताना जिल्ह्याचं नाव नवाबशाह असंच लिहावं.