नोकरी साडीच्या दुकानात, पण मामाच्या नको

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) दहावी झाली, तेव्हापासून घरीच असते. हल्ली आळशी झाली आहे, भरदुपारी पेंगते. पाकिटं आणि पणत्या बनवणाऱ्या कार्यशाळेत घालू, की आणखी एखादा कोर्स करू दे? आमच्यानंतर तिचं कसं होणार या विचाराने झोप लागत नाही. (दिवाळीत माझ्या भावाच्या साडीच्या दुकानात तिने आठवडाभर घड्या घालून दिल्या. गिऱ्हाईकं खूश होती.)
– एक आई, सांगली

ताई, पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही कंसात टाकलीत! दिवाळीच्या गर्दीत आठवडाभर जी मुलगी दुकानात टिकली, तिला पाकिटं चिकटवायला का बसवायचं?

आधी पेंगण्याचं बघू. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास आणि झोपेत श्वास अडकणं, दोन्ही बरंच आढळतं. दोन्हींत माणूस सुस्तावतो आणि घरचे त्याला आळस म्हणतात. थायरॉइड दरवर्षी तपासायला हवं. ती घोरत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. कान आणि डोळेही तपासून घ्या. कमी ऐकू येणाऱ्या मुलांना ‘हट्टी’ ठरवलेलं मी फार पाहिलं आहे.

आता कोर्स. ‘आधी पूर्ण तयारी, मग नोकरी’ या वाटेवर आपली मुलं तिशीपर्यंत तयारीच करत राहतात. एका जागी शिकलेलं दुसरीकडे वापरणं त्यांना जड जातं, म्हणून क्रम उलटा ठेवावा : आधी जागा शोधायची, मग तिथलंच काम तिथेच शिकवायचं, आणि सुरुवातीचे काही आठवडे शिकवणारं माणूस सोबत ठेवायचं. या मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त लक्षात राहतं. त्यामुळे दहा सूचना देण्यापेक्षा घडीच्या टप्प्यांचे फोटो काढून टेबलाशी लावा. मुंबईत जुहूला कॅफे अर्पण आहे. तिथे बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली तरुण मंडळीच गिऱ्हाइकांना वाढतात. जमल्यास तिला घेऊन एकदा जाऊन या. डाउन सिंड्रोम असूनही पदवीधर झालेल्या स्पेनच्या पाब्लो पिनेदाचे व्हिडिओ नातेवाईक पाठवतीलच. ते कौतुकाने बघा, पण लेकीला त्या मापाने मोजू नका.

भावाच्या दुकानात मात्र नको. मामा रागावणार नाही, उशिरा आली तरी ‘असू दे’ म्हणेल आणि पगाराऐवजी ड्रेस घेऊन देईल. त्यापेक्षा त्यांनी ओळखीच्या दुसऱ्या दुकानदाराकडे शब्द टाकावा : रोज चार तास, ठरलेलं काम, ठरलेला पगार. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हायला हवेत. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का बौद्धिक अक्षमतेसह काही गटांना मिळून आहे, पण त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

त्याआधी तिलाच विचारा. तिला नेमकं काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. साड्यांच्या घड्या आवडल्या की तिथली माणसं? घड्या आवडल्या असतील, तर लॉन्ड्री आणि हॉटेलातलं चादरी-टॉवेलांचं कामही खुलं आहे. माणसं आवडली असतील, तर दवाखान्याच्या स्वागतकक्षात किंवा बालवाडीत मदतनीस म्हणून चौकशी करा.

हिशेब येत नाही म्हणून अडू नका. ‘पुढची नोट’ शिकवा : बिल ६३ रुपये, तर जांभळट शंभराची नोट द्यायची. १४० झालं, तर पिवळी दोनशेची. उरलेले पैसे न विसरता मागायचे, बेरीज-वजाबाकी जमली नाही तरी चालेल. बसचंही तसंच. आधी शेजारी बसा, मग दोन सीट मागे, मग तिला बसमध्ये बसवून तुम्ही रिक्षाने पुढच्या थांब्यावर. एखाद्या दिवशी ती चुकीच्या थांब्यावर उतरेल. तेव्हा काय करायचं, कोणाला फोन करायचा, हे मुद्दाम उतरवून एकदा शिकवून ठेवा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर आधी काढा, एसटीची सवलतही त्यावरच मिळते.

‘आमच्यानंतर’चं काम आजच सुरू करता येतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे सज्ञान मुलीच्या कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण घाई नको. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे. म्हणजे ठरावीक बाबींपुरता पालक तिच्याशी बोलून, तिच्यासोबत निर्णय घेतो. बाकीचे निर्णय तिचेच राहतात. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो, तोही घ्या.

धाकटं भावंड असलं, तरी त्याच्यावर सगळं सोपवून मोकळं होऊ नका. ती स्वतः कुकर लावते का, गोळ्या वेळेवर घेते का, अनोळखी माणसाने घरी येऊ का विचारलं तर ‘नाही’ म्हणते का, याची यादी करून फ्रिजवर लावा आणि या महिन्यात त्यातली एकच गोष्ट धरा. मी कुकरपासून सुरुवात करेन. दुकानात डबा न्यायचा, तर तो तिने स्वतः भरावा.