खोकला आला की धास्ती

प्रश्न : वय ४६, विश्रामबाग, सांगली. दोन बाळंतपणं झालीत. शिंकलं की लघवी निसटते. गणपतीच्या रांगेतही पॅड लावून उभी होते. मशीनने करंट देऊ म्हणतात. शॉक बसेल का?

उत्तर : नाही हो ताई. बोटाएवढा प्रोब (करंट देणारी कांडी) योनीमार्गात ठेवतात. आधी मुंग्या येतात, मग स्नायू आपसूक आवळतो. तुम्ही ‘बास’ म्हणाल तिथे करंट थांबवायचा. पण वायू अडवताना आवळतो तो स्नायू स्वतःहून आवळता येतो का? (बऱ्याच जणी पोटच आत ओढतात!) येत असेल तर मशीनवर पैसे कशाला? आठ-आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान ३ महिने आवळा. अजिबात जमत नसेल तरच मशीन. पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर मात्र नको.