मारझोड पाहिलेल्या मुलाला गटात पाठवावं की त्याचं एकट्याचं समुपदेशन करावं?

तुम्ही लिहिलंय की बहीण दोन महिन्यांपूर्वी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन सासर सोडून कोल्हापुरात तुमच्याकडे आली. बाप आईला मारायचा, मध्ये पडलं की पोरालाही. आता तो रात्री दचकून उठतो, अंथरूण ओलं करतो, शाळेत मारामाऱ्या करतो. समुपदेशकांनी दर शनिवारी मुलांच्या गटात यायला सांगितलंय, आणि दुसऱ्यांचं ऐकून तो आणखी बिघडेल अशी तुम्हाला धास्ती आहे.

मी बारा वर्षं अशा मुलांबरोबर काम करते, कोल्हापूर शहरात आणि करवीर तालुक्यातल्या शाळांत. तुमची धास्ती मला समजते, पण नीट चालवलेल्या गटात मारहाणीचे तपशील कुणी सांगतच नाही. साधारण एका वयाची सहा-आठ मुलं बसतात. भीती वाटली की पोटात काय होतं, छाती धडधडायला लागली की श्वास कसा सावकाश सोडायचा, राग हातापर्यंत येण्याआधी कसा ओळखायचा, हे शिकतात. एकदा मी मुलांना सांगितलं, घरात मोठा आवाज झाला की तुम्ही जिथं जाऊन बसता ती जागा काढा. एकानं पाण्याच्या टाकीमागचा कोपरा काढला. शेजारची मुलगी कागद बघून म्हणाली, "मी पण." तो मुलगा तीन शनिवार गप्प होता, त्या दिवशी बोलायला लागला. मी त्याला शंभरदा म्हटलं असतं की असं अनेकांच्या घरी होतं, तरी त्या दोन शब्दांची सर आली नसती. हिंसा बघितलेल्या पोराला वाटत असतं की हे फक्त आपल्याच घरात होतं आणि आपल्यामुळं होतं.

त्याच्या स्वतःच्या आठवणींचं काम मात्र एकट्यानंच व्हायला हवं. आघातावर केंद्रित वर्तनोपचारात, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यावरच्या उपचारात, साधारण 12 ते 16 बैठका होतात. आधी अंग सैल सोडायला आणि भावना ओळखायला शिकवतात, मग मूल जे घडलं ते थोडं थोडं करून सांगतं, लिहितं किंवा चितारतं. शेवटी तयारी झाली की ते आईसमोर वाचतं. आईच्याही बैठका सोबतीनं होतात, म्हणून बहिणीला दाराबाहेर बसवून ठेवणारे समुपदेशक भेटले तर कारण विचारा.

म्हणजे तुम्हाला दोन्हींतलं एक निवडायचं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांतल्या हिंसा अनुभवलेल्या मुलांसाठी जी पद्धत बसवली, तिच्यात गटाच्या 10 बैठका आणि मधे 1 ते 3 वैयक्तिक बैठका आहेत. 2003 साली 126 मुलांवरचा तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्या मुलांची लक्षणं, उपचारासाठी थांबवून ठेवलेल्या मुलांपेक्षा बरीच कमी होती. नंतर त्या थांबलेल्या मुलांनाही उपचार मिळाले आणि फरक उरला नाही. "उशीर झाला का?" असं आई-वडील विचारतात तेव्हा मी हेच सांगते. याच अभ्यासात शिक्षकांना मात्र वर्गातल्या वागण्यात फरक दिसला नव्हता. त्यामुळं शाळेतनं तक्रारी येत राहिल्या तरी दोन महिन्यांत उपचार सोडू नका.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही, आणि मला तिचीच सगळ्यात जास्त काळजी आहे. तो अजून वडिलांकडे जातो का? तिथं मारहाण चालू असेल, तर जुन्या आठवणी उकरायच्या नाहीत, आधी ती थांबवायची. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं, बहिणीला मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. मूल संकटात असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचं काही बाहेर आलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि त्या गोष्टीचं काम मी तरी गटात कधीच करत नाही. तो जीव देण्याचं बोलला, स्वतःला इजा करायला लागला, तर शनिवारची वाट न बघता सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 लागतो.

तालमीत घातलं तर पोरगं घट्ट होईल, असं तुमच्या वडिलांचं म्हणणं आहे. घालू द्या, अंगमेहनतीनं झोप सुधारते. फक्त वस्तादांना आधी सांगा की याच्यावर ओरडायचं नाही, मागून अचानक धरायचं नाही. "मर्दासारखा राहा, रडायचं नाही" हे घरातही कुणी म्हणू नये, कारण रडणं दाबायला तो आधीच शिकलाय. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर त्याला उभं करू नका. आजी दृष्ट काढत असेल तर काढू दे, मायेचा हात फिरतो.

शनिवारी निघण्याआधी त्याला सांगा की तिथं कुणी जबरदस्तीनं बोलायला लावणार नाही, नुसतं बसून चित्र काढलं तरी चालतं, आणि मामा दारातच थांबणार आहे. मग खरंच थांबा, चहाला म्हणूनसुद्धा लांब जाऊ नका. तो बाहेर डोकावून बघतो. परत येताना काय विचारलं, कोण काय म्हणालं, हे काढत बसू नका. भूक लागली का, एवढं विचारा.