रिपोर्टमधलं 'एचएलए' आणि आम्ही बंद केलेलं लिथियम

ताई, तुमच्या यजमानांच्या लाळेच्या जनुक तपासणीत 'रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांत फरक, बायपोलरचा धोका जास्त' असं आलंय (बायपोलर म्हणजे मन कधी अति चढणं, तर कधी नैराश्यात जाणं). आता गोळ्या बदलाव्यात का आणि मुलीचीही तपासणी करावी का, असं तुम्ही विचारलंय. वाचून काळजात धस्स झालं, कारण चार वर्षांपूर्वी हेच वाक्य आमच्या घरात आलं होतं. मी डॉक्टर नाही, बायपोलर असलेल्या धाकट्या भावाची शुभंकर, म्हणजे काळजी घेणारी, आहे, एवढं धरून पुढचं वाचा.

लॅबच्या समुपदेशक बाई फोनवर म्हणाल्या, 'तुमच्या भावाचा आजार सूज-प्रकारचा आहे, मूळ प्रतिकारशक्तीत आहे.' आम्हाला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! आईनं वर्षानुवर्षं स्वतःला दोष दिला होता, तो एका फोनमध्ये उतरला. भावाला तर मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्यांनी थरथरणारे हात आणि सारखी लागणारी तहान नकोच होती. डॉक्टरांना न विचारता आम्ही लिथियम एकदम बंद केलं आणि सूज, म्हणजे शरीरातला दाह, कमी होईल म्हणून हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या. पाचव्या आठवड्यात त्याची झोप दोन तासांवर आली. सातव्यात त्यानं दुकानावर कर्ज काढलं. मग सव्वा महिना वॉर्ड. लॅबला फोन केला तर म्हणाले, 'रिपोर्ट फक्त माहितीसाठी असतो, पान 21 वर लिहिलंय.' धोका पहिल्या पानावर लाल अक्षरांत, आणि हे मात्र एकविसाव्या पानावर बारीक टाइपात. त्याचा राग अजून गेलेला नाही.

नंतर जेनेटिक्सच्या एका डॉक्टरांनी अर्धा तास बसवून समजावलं. सहाव्या गुणसूत्रावर प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा दाट पट्टा आहे, एचएलए त्यातलीच. 2021 च्या अभ्यासात बायपोलरच्या 41,917 रुग्णांची तुलना निरोगी लोकांशी केली, तेव्हा आजाराशी जोडलेल्या गुणसूत्रांवरच्या 64 जागा मिळाल्या आणि त्यात हा पट्टाही होता. म्हणजे संबंध अगदीच हवेतला नाही. पण एकेका जागेचा वाटा चिमूटभर, आणि तेच फरक असंख्य निरोगी माणसांतही असतात. शिवाय ते रुग्ण युरोपीय वंशाचे होते. त्यावरून काढलेला धोक्याचा आकडा आपल्याकडे तितका नीट बसत नाही. याच पट्ट्यातल्या सी4 जनुकाचं 2016 चं गाजलेलं संशोधन स्किझोफ्रेनियावरचं आहे. आमच्या रिपोर्टात ते बायपोलरखाली घुसडलं होतं! तुमच्याही रिपोर्टात बघा. आणि सूज कमी करणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध बायपोलरच्या नैराश्यात 60 जणांवर वापरून पाहिलं गेलं, तेव्हा एकूण गटात फायदा दिसला नाही.

मुलीची तपासणी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आईला किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलांना होण्याची शक्यता साधारण 5 ते 10 टक्के धरतात. लाळेच्या रिपोर्टनं त्यात उपयोगाची भर पडत नाही, पोरीच्या डोक्याला मात्र घोर लागतो. तरी मन राहत नसेल तर जेनेटिक्सच्या ओपीडीत विचारा, विकणाऱ्याला नको.

एचएलएची एक तपासणी मात्र खरंच कामाची आहे. मूड स्थिर ठेवायला कार्बामाझेपिन द्यायचं ठरलं, तर सुरू करण्याआधी 'एचएलए-बी*15:02' बद्दल डॉक्टरांना विचारा. हा प्रकार अंगात असला तर त्या गोळीनं कातडी सोलवटून निघण्याची जिवावरची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. 2004 मध्ये तैवानमध्ये हे लक्षात आलं. आपल्याकडच्या 2009 च्या एका छोट्या अभ्यासात अशा 8 पैकी 6 रुग्णांत तो सापडला. तपासणी निगेटिव्ह आली तरी पुरळ, ताप किंवा तोंडात फोड दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

यजमान लिथियमवर असतील तर अंगदुखीला आयब्युप्रोफेन परस्पर देऊ नका, रक्तातली लिथियमची लेव्हल चढते. आणि लेव्हलचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं. आम्हाला हे दोन वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.