दुरुस्त व्हायला जाऊ नकोस

'ताई, मी वणी तालुक्यातला, २३ वर्षांचा. बी.एस्सी. झालो, आता बाबांसोबत वावर पाहतो. मले पोरी नाही, पोरंच आवडतात, दहावीपासून माहीत आहे. आई म्हणते दिवाळीनंतर पोरगी पाहाची. समुपदेशन घ्यावं म्हणून एकदा जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो, केसपेपर काढला, तर रांगेत गावातले काका दिसले. तसाच परत आलो. मले सोताचा लय राग येते. समुपदेशनानं मी बरा होईन का?'

बाबू,

तुझ्या पत्रातल्या त्या केसपेपरवरच माझं मन अडकलं. तो हातात घेईपर्यंत तू एकट्यानं पोचला होतास. परत फिरलास म्हणून स्वतःवर चिडू नकोस. आपल्याकडे माणूस एसटीतून उतरायच्या आत बातमी गावात पोचते, मला ठाऊक आहे.

आता तुझा प्रश्न. बरं व्हायला आधी आजार लागतो, आणि हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, तुझ्या जन्माच्याही आधी. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रौढांमधले संमतीचे असे संबंध गुन्हा नाहीत. तुझ्या मनातला खटला मात्र अजून चालूच आहे. समुपदेशनाचं काम तिथं आहे.

हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून रात्रभर जागलीला बसतात ना, तसा तू दहावीपासून स्वतःवर जागल करतोयस. चालतो कसा, हसतो कसा, कुणाकडे जास्त वेळ पाहिलं तर नाही? जागल करणाऱ्याला दिवसा काम सुचत नाही. तुझा राग त्या थकव्यातूनही येत असेल. चांगला समुपदेशक तुला काही पटवत बसणार नाही. तो विचारेल, कधीपासून जागतोस? कोण काय बोललं होतं? शाळेत एखाद्या पोराला 'बायल्या' म्हणून चिडवलं तेव्हा तूही हसला होतास का? (हसला असशील, तर ती आठवण फार टोचत असेल. तीही सांग.) हे एका भेटीत होत नाही, महिने लागतात, मधे रडूही येतं. मग एखाद्या रात्री लक्षात येतं, की आज आपण जागलीला गेलोच नाही.

पण कुणी 'बदलून देतो' म्हणालं, औषधानं, मंत्रानं नाहीतर लग्नानं, तर तिथून उठून ये. डॉक्टर असला तरी. असे उपचार म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये ठरवलंय.

काकांची भीती वाटते तर दुसऱ्या जिल्ह्यात जा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था तुझ्यासारख्यांसोबतच काम करते. तिथं तुला आपल्याच बोलीत बोलणारी, हेच सगळं भोगलेली पोरं भेटू शकतील. दवाखान्यात तू सांगितलेलं गुप्त ठेवणं, कुणाच्या जिवाला धोका असल्यासारखे अपवाद सोडले तर, उपचार करणाऱ्यांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंधनकारक आहे.

लग्नाबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. हो म्हणू नकोस. त्या पोरीनं कुणाचं काय बिघडवलंय? आईला आत्ताच सगळं सांग, असं मी म्हणत नाही. घर तिच्या आणि बाबांच्या हातात आहे, तू त्यांच्यावर अवलंबून आहेस. ती वेळ तूच ठरव, आधी पायाखाली जरा जमीन येऊ दे. सध्या 'दोन वर्षं नको' एवढंच म्हण, आणि किती रडारड झाली तरी त्यावरून हलू नकोस.

तोवर टेली मानस, म्हणजे सरकारची मानसिक आधाराची फोनसेवा आहे. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी लाव, सकाळची वाट पाहू नकोस. एरवी संध्याकाळी बाबा घरी गेल्यावर वावरातून लाव. सुरुवात कशी करू, असं वाटेल. मला लिहिलंस तेच म्हण, 'मले सोताचा लय राग येते.' पुढचं ते विचारतील.

तुझी ताई