मुलगी म्हणते, बर्फाचं गणित करायचंय

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. मुलगी सांगलीला बी.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अंटार्क्टिकाचा बर्फ कसा सरकतो याचं कॉम्प्युटर मॉडेलिंग करायचं म्हणते. आम्ही बी.एड. सुचवतोय. यात पोटापाण्याचं काही आहे का?

उत्तर : दादा, नमस्कार. आधी कटू ते सांगतो. निव्वळ हिमचादरींच्या, म्हणजे ध्रुवावरच्या अफाट बर्फथरांच्या, मॉडेलिंगच्या नोकऱ्या आपल्या देशात फार थोड्या आहेत. तरीही तिला अडवू नका असंच मी म्हणेन.

ती नेमकं काय करणार ते बघा. गुऱ्हाळावर काकवी ओतताना पाहिलीच असेल. ध्रुवावरचा बर्फही तसाच, स्वतःच्या वजनानं वाहतो, फक्त अतिशय सावकाश. फरक असा की काकवीवर जोर दुप्पट झाला तर वेग साधारण दुप्पट होतो, बर्फाचा मात्र जवळपास आठपट. जॉन ग्लेन यांनी १९५०च्या दशकात प्रयोगशाळेत बर्फ दाबून हा नियम मांडला आणि आजची मॉडेलं त्यावरच उभी आहेत. खरी कसोटी तळाशी असते. दोन-तीन किलोमीटर बर्फाखाली तो खडकाला चिकटलाय की पाण्यावरून घसरतोय, हे डोळ्यांनी दिसत नाही. मग उपग्रहानं मोजलेल्या वरच्या वेगावरून खालचं घर्षण उलटं काढायचं. इथं गणितवाल्यांचीच गरज पडते. आणि प्रश्न लहान नाही: एकट्या ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सरासरी सात मीटरनं वर येईल.

म्हणून तिला सांगा, आत्ताच ‘बर्फ’ असा हट्ट नको, ‘प्रवाहाचं गणित’ धर. आंशिक अवकल समीकरणं (जागेनुसार आणि वेळेनुसार गोष्टी कशा बदलतात ते सांगणारी), ती कॉम्प्युटरवर सोडवण्याच्या संख्यात्मक पद्धती, जोडीला पायथन आणि थोडं फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषा. हेच गणित हवामानाच्या अंदाजाला लागतं, पुराच्या मॉडेलला लागतं. २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी आणि कोयनेचा विसर्ग तासातासाला बघत आपण सगळे बसलो होतो. असे आकडे आधी सांगू शकणारी माणसं आपल्याला हवीत, हे मला मनापासून वाटतं.

रस्ता असा: तिसऱ्या वर्षी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, मग आयआयटीत किंवा विद्यापीठात एम.एस्सी., नंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. नेटमधून फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे बागेवर बोजा नाही. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती ही ठाणी तेच सांभाळतं. हिमालयातल्या हिमनद्यांवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम चालतं, हवामानाच्या मॉडेलांसाठी पुण्याची आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आहे. पुढे परदेशी जायची वेळ येऊ शकते, तेवढी मनाची तयारी ठेवा.

बी.एड. कुठं पळून जात नाही, एम.एस्सी.नंतरही करता येतं.

या दिवाळीच्या सुट्टीत तिला एक काम द्या. एका टोकाला तापवलेल्या सळईत उष्णता कशी पसरते याचा छोटा प्रोग्रॅम तिनं स्वतः लिहावा. तो जमला की सळईच्या जागी बर्फाची जाडी घ्यावी. उत्तरं चुकतील, आकडे भरकटतील. ती चूक शोधत रात्री जागली तर मला पुन्हा पत्र लिहा, जॅमच्या तयारीचं बोलू.